चार-तीनचे टिपणीस

झाड उभं असतं आणि टीव्ही आडवा असतो. एवढीच गोष्ट आहे. पण मयूर विहारच्या नवचेतना अपार्टमेंट्सच्या मॅनेजिंग कमिटीला ती समजावून सांगता सांगता मुरलीधर टिपणीसांचे फेब्रुवारीचे शेवटचे दहा दिवस वाया गेले, आणि फेब्रुवारी हा महिना तर त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता.

तो कसा, ते आधी ऐका. टिपणीसांनी एकतीस वर्षं एका मंत्रालयात फायलींवर टिपण्या लिहिल्या. आता दिल्लीतल्या बागा फुलतात फेब्रुवारीत, आणि संसदेचं बजेट सेशनही बसतं फेब्रुवारीतच. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला बायको नसावी. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नीलाताई दरवर्षी पेपर वाचून सांगायच्या, अहो, डेलिया फुललेत म्हणे. टिपणीस दरवर्षी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचे, अगं, सेशन संपू दे. सेशन संपायचं तोवर मे उजाडलेला असायचा आणि बागेत नुसता माळी उरलेला असायचा. असे एकतीस वसंत गेले. मग रिटायरमेंट आली, यमुनेपलीकडे सोसायटीत फ्लॅटचा ताबा मिळाला, आणि त्याच सुमाराला नीलाताईंचे गुडघे गेले. टिपणीसांना ते फार लागलं. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून त्यांनी नुसतं जाहीर केलं, की या वर्षी दिल्लीतली एकही बाग सोडायची नाही.

आणि नाही सोडली. जानेवारीच्या अखेरीपासून तीन आठवड्यांत अकरा बागा झाल्या. लोदी गार्डन झालं, नेहरू पार्क झालं, तालकटोरा झालं, कुदसिया बाग झाली. रिक्षावाले ओळखायला लागले. लेकीने, म्हणजे कादंबरीने, गुडगावहून डिजिटल कॅमेरा आणून दिला होता. नीलाताई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल घेऊन निघायच्या. दहा पावलं चालायच्या, स्टूल टेकवायच्या, झाडाच्या बुंध्याशी बसून त्याच्या नावाची पाटी मोठ्याने वाचायच्या. टिपणीस मग कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत जायचे, कारण त्यांना झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पाहिजे असायचं. अर्धवट काम त्यांनी नोकरीतही कधी केलं नव्हतं, निदान त्यांचं तसं म्हणणं आहे. अशा चौदा डझन फोटोंतून निवडून एकशे चाळीस फोटोंचा स्लाइड शो करायचा आणि सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा, असं ठरलं. हॉलमध्ये नुकताच बेचाळीस इंची सपाट टीव्ही आला होता, आणि त्यावर अजून बातम्यांपलीकडे काही लागलेलं नव्हतं.

सोसायटीचा हॉल अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. टिपणीसांना अर्जाचं काय वावडं. त्यांनी झकास अर्ज लिहिला; विषय, संदर्भ, 'महोदय', सगळं जिथल्या तिथे. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'उद्यान-दर्शन, स्लाइड शो, 4:3', कारण कॅमेऱ्यातून फोटो चाराला तीन या मापाचे येतात हे त्यांनी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं, आणि अर्जात तांत्रिक तपशील असावा हा त्यांचा बाणा होता. मॅनेजर त्यागीजींनी अर्ज घेतला, शिक्का मारला. काम संपलं, असं टिपणीसांना वाटलं.

खरं म्हणजे तिथे ते सुरू झालं. खालच्या मजल्यावर पद्माकर देवस्थळी राहतो. मूळचा पुण्याचा, नोएडात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करायला मिळालं की त्याला सणासुदीसारखं वाटतं. तो स्लाइड शो बनवायला बसला आणि प्रोग्रॅमने पहिल्याच पायरीला विचारलं, चार-तीन की सोळा-नऊ? पद्माकर म्हणाला, काका, सोळा-नऊ. चार-तीन म्हणजे जुना डबा टीव्ही, आता जग वाइड झालंय. टिपणीसांनी आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर दिलेलं नव्हतं. ते म्हणाले, जरा विचारविनिमय करू.

त्यांनी आधी लेकीला फोन केला. कादंबरी दिल्लीतच वाढलेली, घरात मराठी बोलते, पण शब्द जरा खास निघाला की अडखळते. टिपणीसांनी विचारलं, गुणोत्तर कुठलं घेऊ? ती ऑफिसात होती. दबक्या आवाजात म्हणाली, बाबा, कुणाचे मार्क्स? कशाची परीक्षा? टिपणीसांनी तिला गुणोत्तर म्हणजे काय ते सातवीच्या गणितापासून सांगितलं. तिचं मीटिंगला जायचं राहिलं आणि प्रश्नही राहिला.

मग सोसायटीला सुगावा लागला. नवचेतनात कुणाच्या घरी पाहुणा आला तरी चार घरांचा सल्ला घेऊन येतो, इथे तर टीव्हीचा प्रश्न होता. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, सोळा सोमवार आणि नवग्रह, सोळा-नऊ शुभच आहे. कुणी म्हणालं, टीव्ही मोठा आहे तर आकडाही मोठाच घ्यावा. टिपणीसांनी कागदावर गणित करून पाहिलं, तर चाराचा वर्ग सोळा आणि तिनाचा वर्ग नऊ निघाला. हा शोध त्यांनी मोठ्या विश्वासाने सोसायटीचे प्रेसिडेंट चड्ढाजी यांच्या कानावर घातला. चड्ढाजींचा सॅनिटरी फिटिंगचा धंदा, माणूस दिलदार, पण टीव्ही त्यांच्या कारकिर्दीत आला होता. ते म्हणाले, "तो प्रमोशन ही हुआ न जी. चार-तीन से सीधा सोलह-नौ."

प्रमोशन हा शब्द एकतीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसापुढे काढू नये. टिपणीस विरघळले. त्याच संध्याकाळी त्यांनी सुधारित अर्ज दिला, 'पूर्वीच्या अर्जाच्या अनुषंगाने', आणि विषयात लिहिलं 16:9.

तीन दिवसांनी पद्माकरने शो तयार करून आणला. टिपणीसांच्या घरी कॉम्प्युटरपुढे सगळे बसले. नीलाताईंनी पोहे केले होते. आणि काय सांगावं, शो झाला होताच सुंदर. डेलियाची तोंडं एवढी एवढी, गुलाबाचे ताटवे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावरीच्या फांद्या लाल. टिपणीस खूष झाले. दुसऱ्यांदा बघताना त्यांचं लक्ष एका डेलियाच्या खाली गेलं. तिथे काहीतरी काळं, गोल डोकावत होतं.

ते काय आहे, असं त्यांनी विचारलं. पद्माकर म्हणाला, हो काका, ते राहून गेलं, काढून टाकतो, फ्रेम क्लीन होईल.

टिपणीस चष्मा पुसून पुढे वाकले. तो नीलाताईंचा अंबाडा होता.

मग त्यांनी सगळा शो पहिल्यापासून लावायला सांगितला आणि बोट ठेवून ठेवून पाहिलं. चाराला तीनचा फोटो सोळाला नऊमध्ये बसवायचा म्हणजे वरचा आणि खालचा भाग छाटावा लागतो. वर आभाळ होतं, ते गेलं. खाली स्टुलावर नीलाताई होत्या, त्याही गेल्या. अकरा बागा, एकशे चाळीस फोटो, आणि त्यात बायकोच्या नावावर जमेला एक अंबाडा. हा शो बघून कुणीही म्हणालं असतं, की हा गृहस्थ रिटायर झाल्यावर एकटाच मजेत बागा हिंडत होता.

पद्माकरला वाईट वाटलं. पण त्याने अडचण सांगितली, की चार-तीन ठेवलं तर टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. नीलाताई पोह्यांच्या बश्या गोळा करत म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना. लोक फुलं बघायला येणार. माझ्यात काय बघायचंय?"

हे वाक्य त्या सहज बोलल्या, आणि म्हणूनच टिपणीसांना ते झोंबलं. एकतीस वर्षं सेशनने तिला छाटलं, आणि आता तिला नेलं तर टीव्ही छाटतोय. ते उठले. म्हणाले, पद्माकर, पट्ट्या येऊ देत. काळ्या, निळ्या, कसल्याही. चार-तीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुधारित अर्ज मागे घ्यायला सोसायटीच्या ऑफिसात गेले. त्यागीजींनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "आपके नाम से दो बुकिंग हैं। चार मार्च और सोलह सितंबर। कौन सी कैंसिल करूँ?"

टिपणीसांना आधी काही उलगडेना. मग त्यांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून घेतलं. त्यागीजींनी 4:3 म्हणजे चार तारीख तिसरा महिना धरला होता, आणि 16:9 म्हणजे सोळा सप्टेंबर. वर चड्ढाजींची सही, खाली शिक्का.

टिपणीसांनी समजावलं की ही तारीख नाही, हे माप आहे. त्यागीजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, की अर्जात दुसरी तारीख कुठे लिहिली होती, दाखवा. नव्हती लिहिली. तारीख ऑफिस कळवेल अशी टिपणीसांची मंत्रालयातली समजूत होती. बरं, मधला एखादा रविवार द्या म्हणावं, तर मार्चभर मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा, म्हणून हॉलमध्ये आवाज बंद, एप्रिल-मे लग्नं, जून-जुलै अर्धी सोसायटी गावाला, ऑगस्टभर हॉलची डागडुजी. उरल्या त्या दोनच तारखा. त्यातली चार मार्च म्हणजे त्या वर्षी नेमकी होळीची धुळवड. त्या दिवशी दिल्लीत शहाणा माणूस दाराची कडी काढत नाही. आणि सोळा सप्टेंबर म्हणजे गणपतीचा दुसरा दिवस, रविवार. सोसायटीतल्या सात मराठी घरांचा गणपती हॉलमध्येच बसायचा होता. चड्ढाजींनी टीव्हीचं रीतसर उद्घाटन त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनातल्या एका साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून तोंडी सांगूनही झालं होतं. हार टिपणीसांच्याच हस्ते घालायचा होता.

आता साधा माणूस म्हणेल, की मग सोळा सप्टेंबरला चार-तीन दाखवा. टिपणीसही तेच म्हणाले. त्यावर त्यागीजींनी मिनिट्स काढून दाखवली. कमिटीत ठराव पास झाला होता, सोळा सप्टेंबर, सोळा-नऊ, फुल स्क्रीन. ठरावात बदल करायचा तर जनरल बॉडी. "रजिस्टर में जो है, वही है, टिपनिस साहब," त्यागीजी म्हणाले, आणि टिपणीसांनी मिनिट्स त्यांच्याकडे परत सरकवली, कारण हे वाक्य त्यांनी स्वतः देशभरातून आलेल्या माणसांना एकतीस वर्षं ऐकवलं होतं.

ते चड्ढाजींकडे गेले. चड्ढाजींनी लस्सी पाजली, जवळ बसवलं आणि मनापासून सांगितलं, की पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत तर टीव्ही दोन्हीकडून काळा ठेवून लोकांना काय तोंड दाखवायचं. सप्टेंबरला दीडशे माणूस येईल, साहेब येतील, फोटो निघतील. चार मार्चला तर माश्यासुद्धा रंग खेळत असतील. आणि भाभीजींचं म्हणाल तर एक वेगळा फोटो शेवटी लावू, हार घालून.

हार घालून म्हटल्यावर टिपणीसांनी लस्सीचा ग्लास खाली ठेवला. चड्ढाजींच्या मनात तसं काही नव्हतं, पंजाबी माणूस सत्काराचा हार म्हणत होता. पण मराठी माणसाला फोटोला हार म्हणजे एकच अर्थ कळतो. ते तडक ऑफिसात गेले आणि सोळा सप्टेंबरवर स्वतःच्या हाताने काट मारली. खाली लिहिलं, 'अर्जदारास 4:3 मान्य आहे.' सही केली, तारीख घातली. घरी येऊन नीलाताईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, धुळवडीला कुत्रंसुद्धा यायचं नाही. टिपणीस म्हणाले, न येऊ दे, तू आणि मी बघू. शिवाय रंग रंगपंचमीला खेळायचा असतो. धुळवडीला रंग ही दिल्लीची मनमानी त्यांनी कधीच मान्य केलेली नव्हती, तेव्हा त्यांच्या हिशेबी तो साधा रविवार होता.

चार मार्चला सकाळी अकरा वाजता त्या साध्या रविवारी ते दोघं खाली उतरले. टिपणीस इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. लिफ्टपासून हॉलपर्यंत चाळीस पावलं. तेवढ्यात शर्टावर दोन फुगे फुटले आणि पाठ जांभळी झाली. नीलाताईंना मात्र पोरांनी अदबीने नुसता गालाला गुलाल लावला. हॉलमध्ये पद्माकर होता, टीव्हीवर त्यागीजींनी रंगापासून वाचवायला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घातला होता, आणि सत्तर रिकाम्या खुर्च्या होत्या. टिपणीसांनी घसा साफ करून सत्तर खुर्च्यांना प्रास्ताविक ऐकवलं. नीलाताई पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या.

पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. धुळवडीच्या दिवशी साऱ्या नवचेतनात कोरडी जागा तेवढी एकच होती. आधी एक सर्दीवाले आजोबा आत शिरले. मग नव्या जॉर्जेटची साडी वाचवायला दोन बायका. मग त्यांच्या मागे त्यांना रंगवायला आलेली मंडळी, आणि पंख्याखाली जरा टेकू म्हणणारी मंडळी, गुजियांची, म्हणजे इथल्या करंज्यांची, परात घेऊन. पाचव्या स्लाइडपर्यंत सत्तरातल्या पन्नास खुर्च्यांवर हिरवी, निळी, गुलाबी माणसं बसली होती, आणि कोण कोण आहे ते आवाजावरूनच कळत होतं.

अशातच पूर्ण हिरवे झालेले चड्ढाजी आले. टीव्हीकडे पाहून त्यांनी विचारलं, की या काळ्या पट्ट्या कसल्या, टीव्ही बिघडला का? टिपणीस म्हणाले, बिघडला नाही, चार-तीन आहे. चड्ढाजी म्हणाले, अभी ठीक करता हूँ, आणि त्यांनी टेबलावरचा रिमोट उचलला.

पहिलं बटण दाबलं तसं चित्र दोन्ही बाजूंना ताणलं गेलं. पट्ट्या गेल्या, आणि स्टुलावरच्या नीलाताई एकाएकी दुपटीने रुंद झाल्या. हॉलभर हशा पिकला. कुणाचा वाईट हेतू नव्हता, सणाचा दिवस होता, पण टिपणीसांनी बायकोकडे पाहिलं तर त्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत होत्या. चड्ढाजींनी घाईघाईने दुसरं बटण दाबलं. चित्र पुढे आलं, वरून खालून कापलं गेलं, आणि पडदा काठोकाठ फुलांनी भरला. "ये हुई न बात," चड्ढाजी म्हणाले. "फूल ही फूल। फुल स्क्रीन।"

टिपणीस उठले, टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. जांभळी पाठ टीव्हीकडे, तोंड लोकांकडे. आयुष्यात त्यांनी कधी धरणं धरलं नव्हतं. धरणं धरणाऱ्यांच्या निवेदनांची पोच तेवढी दिली होती.

"जब तक मेरी मिसेस वापस नहीं आतीं," ते म्हणाले, "एक भी फूल नहीं दिखेगा।"

चड्ढाजी गोंधळले. ते म्हणाले, "पर भाभीजी तो ये बैठी हैं।"

पन्नास रंगीत तोंडं पहिल्या रांगेकडे वळली. नीलाताईंना लाजल्यासारखं झालं. सगळ्यांना वाटलं, आता त्या नवऱ्याला खाली बसवतील. टिपणीसांनाही तेच वाटलं. नीलाताईंनी काठी टेकली आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या सावकाश उठल्या.

"भाईसाहब," त्या चड्ढाजींना म्हणाल्या, "फूल तो मैंने वहीं पे देख लिए। अब मेरे को मैं देखनी है।"

कुणी हसलं नाही. चड्ढाजींनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं, कुठलं बटण ते त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी तो रिमोट दोन्ही हातांनी नीलाताईंपुढे धरला. त्यांनाही तो चालवता येत नव्हता. पद्माकरने बोटाने बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मधे झाड शेंड्यापर्यंत उभं राहिलं, आणि बुंध्याशी नीलाताई परत आल्या.

मग शो पहिल्यापासून लागला. टिपणीस रिमोट घेऊन बायकोशेजारी बसले आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागले. नीलाताई पुढे वाकून, चष्मा सावरत बघत होत्या. इथे मी काय हसतेय बघा. इथे पदर बघा कसा लोंबलाय, सांगायचं नाही का? चौथ्या बागेत त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. सावरीच्या झाडाखाली, निळ्या साडीत, मान वर करून फांद्यांकडे बघत असलेला तो फोटो होता. मग हळूच म्हणाल्या, "अहो, बरी दिसते हो मी."

टिपणीसांचा अंगठा बटणावरून उचलला गेला. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. बाहेर कुणीतरी ढोल वाजवत होतं.

"टिपनिस साहब," चड्ढाजी मागून अदबीने म्हणाले, "आगे बढ़ाएँ?"

"नहीं," टिपणीस म्हणाले.